सोपं गोड, पण कुणाला?

उत्साही : कोजागिरी जवळ आली की आपल्याकडे चर्चा एकाच गोष्टीची होते, दूध किती लिटर सांगायचं. मला ही चर्चाच अपुरी वाटते. वर्षातून एखाद्याच रात्री आपण मुद्दाम घराबाहेर, उघड्या आकाशाखाली गोड खायला जमतो. पाऊस सरत आलेला असतो; मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीखच ८ ऑक्टोबर आहे. मंडईत सासवडची, बीडची सीताफळं असतात. लाल भोपळा, रताळी, शिंगाडे असतात. कोकणात नवा तांदूळ घरात येतो, म्हणून तिकडे हीच पौर्णिमा नवान्न पौर्णिमा म्हणून साजरी होते. एवढं सगळं हाताशी असताना आपण लोकांच्या हाती काय देतो? पेलाभर पिवळं दूध. माझं म्हणणं असं, की गच्चीवर दोन-तीन सोपे गोड पदार्थ मांडावेत. लहान वाट्यांतून सीताफळ रबडी, भोपळ्याचे घारगे, आणि गुजरातेत शरद पौर्णिमेला करतात तसे दूधपोहे. बहुतेक तयारी आधीच करून ठेवता येते. माणसं जमली की झाकणं काढायची, बस्स. ज्याच्या घरचं बोलावणं आहे त्यालाही मग चंद्राकडे बघायला फुरसत मिळेल.

साशंक : एक पातेलं होतं, त्याचे तुम्ही तीन डबे केलेत आणि वर सोपं म्हणता! अहो, घरातल्या टेबलावर जे सोपं असतं ते गच्चीवर सोपं राहत नाही. घरात गॅस बंद केला की काम संपतं. गच्चीवर ते तिथून सुरू होतं. चार मजले वर न्यायचं, तेही लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते. वर दिव्याची सोय नाही, नळ असला तर टाकीच्या मागे. मुंग्या आपल्या आधी पोचलेल्या. चमचे कमी पडले की कोणीतरी खाली धावायचं, आणि ते कोणीतरी कोण असतं ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून उघड्यावरच्या गोडाला माझ्या चार अटी आहेत. एका हातात धरून खाता आलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातात मूल असतं नाहीतर फोन. अर्धवट उजेडात खाता आलं पाहिजे. फ्रिजबाहेर निदान दोन तास बिनघोर राहिलं पाहिजे. आणि मागे भांडी कमी राहिली पाहिजेत. या अटींवर श्रीखंड बाद. दसऱ्याचं उरलेलं असतं म्हणून पाच दिवसांनी ते गच्चीवर येतं, पण उकाड्यात त्याला पाणी सुटतं आणि पुरीवाचून ते चमच्याचंच खाणं. खरवस त्याहून नाजूक, वडी उचलायला जावं तर मोडते. बासुंदीला वाटी हवी, चमचा हवा, टेकायला जागा हवी. उरतं ते दूध. पेला उचलायचा, प्यायचं, पेला ठेवायचा. चाळीस माणसांना दीडशे मिलिलिटरप्रमाणे सहा लिटर लागतं, म्हणजे साडेसात-आठ लिटर आणून आटवायचं. हिशोब एका ओळीत संपतो.

उत्साही : तुमच्या अटी मला मान्य आहेत, पण त्या मसाला दुधालाही लावा. तिसऱ्याच अटीवर ते अडतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात दुधासारख्या पदार्थात जंतू झपाट्याने वाढतात. अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक असा की असं अन्न या तापमानात दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांपलीकडे असेल तर एकच तास. आता आपली रीत बघा. संध्याकाळी दूध आटवतो, कोमट होऊ देतो, वर नेतो, जाळीचं झाकण घालून चांदण्यात ठेवतो, आणि बारा वाजता चंद्र डोक्यावर आला की त्याचं प्रतिबिंब बघून पितो. म्हणजे जंतूंना हवं ते तापमान आणि हवा तेवढा वेळ, दोन्ही आपणच पुरवतो. चांदण्याने दूध औषधी होतं अशी श्रद्धा आहे, पण पौर्णिमेचा उजेड जेमतेम पाव लक्स. त्याने दूध तापत नाही, थंड होत नाही, निर्जंतुक तर नाहीच नाही.

याउलट घारगे घ्या. भोपळा किसून तुपावर वाफवायचा, गरम असतानाच त्यात गूळ विरघळवायचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा, आणि त्या ओलाव्यात मावेल तेवढीच कणीक, थोडी तांदळाची पिठी. वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. थापून, खसखस लावून तळायचे. ओलावा कमी आणि गूळ भरपूर, म्हणून ते दोन-तीन दिवस फ्रिजशिवाय राहतात. प्रवासाला घारगे बांधून द्यायची पद्धत त्यातूनच आली. एका हातात धरता येतात, अंधारात खाता येतात, भांडं लागत नाही. तुमच्या चारही अटी पुऱ्या.

साशंक : दुधाबद्दल तुमचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण त्यावर उपाय आहे. दूध मंद आचेवर वाफाळतं ठेवा, नाहीतर मोठ्या थर्मासमध्ये भरा, आणि पातेल्यातलं प्रतिबिंब बघायची हौस वाटीभर दुधावर भागवा. थंड हवं असेल तर आधी फ्रिजमध्ये पुरतं गार करून मगच बर्फात बसवून वर न्या. मधलं कोमट तेवढं टाळायचं.

आता तुमच्या घारग्यांकडे येते. चाळीस माणसांना माणशी दोन म्हटले तरी ऐंशी घारगे. थापायला एक जण, तळायला एक जण, आदल्या दिवशीची सगळी संध्याकाळ. ऑक्टोबरच्या उकाड्यात तेलासमोर उभं राहणं काय असतं ते विचारा कोणालाही. सीताफळाचं तर नावच काढू नका. गर काढून बघा एकदा. एका फळात चाळीस-पन्नास बिया, प्रत्येक बीभोवती चिकटलेला गर. चाळणीवर घासला तर बी खरवडली जायची भीती, मिक्सरमध्ये फिरवला तर बी फुटून कडू. बरं, गर उकळत्या दुधात घालायचा नाही, त्यानेही कडवटपणा येतो. दूध आटवून गार करायचं आणि मग कालवायचा. म्हणजे मसाला दुधाची सगळी मेहनत आहेच, शिवाय बियांची. ‘आधी करून ठेवता येतं’ म्हणजे कष्ट कमी झाले असं नव्हे. ते आदल्या दिवशी गेले, जिथे पाहुण्यांना दिसत नाहीत. आणि न दिसणाऱ्या कष्टांना सोपं म्हणायची आपल्याकडे जुनी सवय आहे.

उत्साही : तो टोला मला असेल तर सांगतो, घारगे मी स्वतः थापतो. पण मुद्दा सोडत नाही. आधी केलेले कष्ट आणि ऐन वेळचे कष्ट सारखे नसतात. आदल्या दिवशी मी माझ्या सवडीने करतो. चुकलं तर पुन्हा करतो. चाळीस माणसं वर ताटकळत असताना दूध खाली लागलं तर काय करणार? करपलेलं दूध कितीही केशर घालून लपत नाही. आणि ज्यांना दोन्ही नको त्यांनी विकत आणावं. चांगल्या दुकानातली रबडी, लोणावळ्याची चिक्की. चिक्की तर मला उघड्यावरचा सगळ्यात शहाणा गोड पदार्थ वाटतो. हवाबंद डब्यात महिनाभर टिकते. पावसाळ्यात दमट हवेने ती चिकट होते, आता ती अडचणही सरली.

साशंक : विकत आणलं की कष्ट हलवायाच्या भट्टीवर गेले आणि पैसे आपल्या खिशातून. त्यात वाईट काही नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण मग ते सगळ्यांना परवडतं का, हेही बोललं पाहिजे. वर्गणी काढणाऱ्या चाळीत माणशी पेलाभर दूध निघतं, माणशी वाटीभर सीताफळ रबडी निघत नाही. दसरा ते दिवाळी हाच खव्याला मागणी चढण्याचा आणि भेसळीवर छापे पडण्याचा काळ. दूधही भेसळीतून सुटलेलं नाही, पण पिशवीवर निदान लिहिलेलं असतं: फुल क्रीम म्हणजे ६ टक्के स्निग्धांश, टोन्ड म्हणजे ३ टक्के. मी काय आणलं ते मला कळतं.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीचा अंदाज असा की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे चाळीस माणसांच्या गच्चीवर असे दोन-चार जण असणारच, आणि ते सांगणार नाहीत. दुधाला साखर शेवटी लागते. त्याआधी दोन तांबे बाजूला काढून ठेवले, त्यात वेलदोडा-जायफळ घातलं, की त्यांनाही इतरांसारखाच पेला हातात धरता येतो. घारग्यातला गूळ नंतर काढता येतो का? चिक्कीतला येतो का? एका पातेल्याचं मोठेपण मला इथे दिसतं. ते सगळ्यांना एकच वाटतं, आणि तरी प्रत्येकाला हवं तसं देता येतं.

उत्साही : साखरेचा मुद्दा चांगला आहे, तो मी घेऊन ठेवतो. पण दूध पचत नाही असेही लोक असतात, आणि त्यांना तुमच्या एका पातेल्यात काहीच नाही. तेव्हा थोडं मागे जाऊ. कोजागिरीचा जुना विधी दुधाचा नाहीच मुळी. लक्ष्मीची आणि इंद्राची पूजा, नारळाचं पाणी आणि पोहे यांचा नैवेद्य, आणि जागरणासाठी सोंगट्यांचा डाव, असं व्रताच्या वर्णनांत येतं. आजही बंगालमध्ये या रात्रीच्या लक्ष्मीपूजेत नारळाचे लाडू आणि पोहे असतात. मिथिलेत मखाणे वाटतात, पान देतात. गुजरातेत दूधपोहे, आणि सुरतेत दुसऱ्या दिवशी घारी. आपल्याच गोव्यात नरकचतुर्दशीला गुळाचे, नारळाच्या रसातले असे किती तऱ्हेचे फोव होतात. म्हणजे शरदाचा खरा सोपा पदार्थ पोहे.

पातळ पोहे, ओलं खोबरं, किसलेला गूळ, वेलदोडा, आणि भिजण्यापुरतं नारळाचं पाणी. चूल नाही, आटवणं नाही, करपणं नाही. दूध न चालणाऱ्यालाही चालतं. गूळ वेगळा ठेवला तर तुमचा मधुमेही माणूसही खाईल. खोबरं खोवलेलं फार वेळ राहत नाही हे खरं, पण ते वर बसूनच खोवावं. एकाने नारळ फोडावा, दुसऱ्याने खोवावा, मुलांनी गूळ किसावा. दहा-पंधरा मिनिटांत परातभर तयार. आता सांगा, यात कष्ट कुठे लपलेत?

साशंक : यात नाहीत, हे मान्य. आतापर्यंतचा तुमचा हा सगळ्यात चांगला पदार्थ. पण मग मला एक कोडं पडतं. इतकं सोपं, चुलीशिवायचं गोड हाताशी असताना घरोघरी दुधाचंच पातेलं का चढलं? एक कारण उघड आहे. पूर्वी शहरात दूध मोजून मिळायचं. मुंबईत आरेची दूध वसाहत १९४९ सालची. कार्ड दाखवून बाटल्या घेण्याचे दिवस आठवणारे लोक अजून आहेत. १९७० पासून दुधाचा महापूर योजना आली, पिशवी दारात पडू लागली, आणि आठ लिटर दूध एका रात्रीसाठी आटवणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. पण आवाक्यात आलेलं सगळंच रूढ होत नाही. दूध रूढ झालं ते मला वाटतं त्याला वेळ लागतो म्हणून.

ही जागरणाची रात्र आहे. तुमचे पोहे साडेनऊला तयार आणि पावणेदहाला फस्त. पुढे काय? लोक जांभई देतात, घड्याळ बघतात, उतरतात. दूध आटायला दीड-दोन तास घेतं. तोवर कोणी ढवळतं, कोणी बदाम कापतं, कोणी जायफळ किती घालायचं यावर भांडतं, कोणी गाणं म्हणतं. पदार्थ तयार नसतो म्हणून माणसं थांबतात. पदार्थ सोपा केला की थांबण्याचं निमित्तच काढून घेतलंत.

उत्साही : क्षमा करा, पण आता तुम्हीच तुमच्या विरुद्ध बोलताय. मघाशी तुमची तक्रार होती की कष्ट कुणाच्या तरी माथी पडतात. आता म्हणता कष्ट हवेत, कारण त्यांच्याभोवती मेळा जमतो. ज्या घरी बाई एकटी स्वयंपाकघरात दोन तास झारा फिरवते आणि बाकीचे वर गप्पा मारतात, तिथे तुमचं ‘पदार्थ तयार नसतो म्हणून माणसं थांबतात’ हे तिला ऐकवून बघा.

आणि जागरणाचंही फार मनावर घेऊ नका. चरकसंहितेत शरद ऋतूचं वर्तन सांगितलं आहे, त्यात चांदण्याची शिफारस आहे ती प्रदोषकाळची, म्हणजे रात्रीच्या पहिल्या भागातली. त्याच जागी दव टाळा आणि दही टाळा असंही सांगितलंय. मध्यरात्रीचं दव अंगावर घेणं त्यात बसत नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो. त्याला भेटायला बारापर्यंत थांबावं लागत नाही. २०२४ ची कोजागिरी बुधवारी आली, २०२५ ची सोमवारी. दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा, मोठ्यांची सातची लोकल. २०२३ ला शनिवार मिळाला तर त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण, वेध पाळणाऱ्यांचं दूध एक तर लवकर झालं नाहीतर पुढे ढकललं. अशा जगात साडेनऊला तयार होणारं आणि दहाला संपणारं गोड हा दोष नाही. त्याच्यामुळेच तर लोक येऊ शकतात.

साशंक : विसंगती आहे खरी. पण ती माझ्यापेक्षा कामातच जास्त आहे. दोन तास दूध ढवळणं हे काम स्वयंपाकघरात एकटीने केलं तर शिक्षा आणि गच्चीवर दहा जणांत केलं तर करमणूक. कृती तीच, वेळ तोच, दूधही तेच. म्हणजे अवघड काय आणि सोपं काय हे पाककृतीत लिहिलेलंच नसतं. तुमच्या घारग्यांनाही ते लागू आहे. एकटा थापणारा थकतो. चौघं मिळून थापत बसली तर ऐंशी घारगे कधी झाले कळत नाही.

पण लगेच हुरळून जाऊ नका. गच्चीवर शेगडी न्यायची तर वारा आहे, पोरं पळताहेत, सिलिंडर वर चढवायला सोसायटीची कमिटी परवानगी देईलच असं नाही, आणि नाही दिली तर ती चूक म्हणता येणार नाही. आणि वेळेचा तुमचा मुद्दा मला टोचतो. ज्यांना सकाळी लवकर निघायचंय त्यांना रात्र जागवण्याचं निमित्त देऊन काय उपयोग? मी दुधाची बाजू घेते ती रात्र लांबावी म्हणून. ज्यांची रात्र लांबू शकत नाही त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नाही.

उत्साही : आणि माझ्याकडे तुमच्या निमित्ताला उत्तर नाही. डबा उघडून वाटी हातात दिली की माणूस पाहुणा होतो, नारळ हातात दिला की घरचा होतो, हे मला दिसतंय. मग माझी रबडीच सगळ्यात आधी यादीतून जाते. ती दिसते छान, पण गच्चीवर कुणाला काही करायला ठेवत नाही. पोहे राहू दे. दूधही राहू दे, थोडं, थर्मासमध्ये, अर्धं बिनसाखरेचं. घारगे राहावेत की नाही ते थापायला किती जण येतात त्यावर. पण हे सगळं ठेवलं तर आपण पुन्हा तीन पदार्थांवर आलो, आणि तुमची पहिली हरकत जशीच्या तशी उभी.

साशंक : उभी राहू दे. पोहे की दूध हे आपलं आज मिटणार नाही, आणि दर वर्षी थोडं भांडायला तेही बरंच आहे. मी फक्त एक सुचवते. कोजागिरीची यादी करताना पदार्थाच्या नावापुढे प्रमाण लिहितो, तिथे माणसांची नावंही लिहा. नारळ कोण खोवणार, ढवळणार कोण, वर कोण नेणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं कोण घासणार. ज्या पदार्थापुढे एकच नाव चार वेळा आलं तो पदार्थ कितीही झटपट होत असला तरी सोपा नाही. त्या वर्षी तो करू नका.